राजीखुशीची तडजोड

३० जून, सोमवार

आज प्रमाणपत्र हातात आलं. चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेला मध्यस्थ. एकतीस वर्षं लोकांची भांडणं कोर्टात चालवून पोट भरलं, आता तीच भांडणं कोर्टाबाहेर मिटवायची. सौ.ला दाखवलं. म्हणाली, घरात बोलता तसं तिथं बोलू नका, म्हणजे मिळवलं.

प्रशिक्षणाच्या बाईंनी सांगितलं होतं की प्रत्येक बैठकीनंतर दोन ओळी लिहाव्यात, आपल्या चुका आपल्याला दिसतात. चुका दिसतील तेव्हा दिसतील, पण लिहायला मला आवडतं. मध्यस्थीतलं बोलणं बाहेर न्यायचं नसतं, म्हणून ही वही कपाटात, कुलपात.

खरं सांगायचं तर मला या कामाची गरज होती. माझ्या मागून आलेली पोरं सरकारी वकील झाली, एक तर जज्ज झाला. मी मात्र सांगलीच्या कोर्टात अजून 'दिग्विजयराव, जरा आमचीही तारीख मागून घ्या' एवढ्याच कामाचा. पन्नाशीनंतर आपल्याला कुणीतरी विचारावं असं माणसाला वाटतं. त्यात लपवायचं काय?

७ जुलै, सोमवार

नेमणूक पूर्व भागातल्या एका तालुका कोर्टात, दर सोमवारी. मिरज सोडलं की ऊस विरळ होत जातो, मग द्राक्षाच्या बागा, मग नुसती कुसळं, मेंढरं आणि पाण्याचे टँकर. मी वाळव्याकडचा, कृष्णाकाठचा माणूस. आमच्याकडे बांध कोरला म्हणून डोकी फुटतात, कारण बांधाला किंमत आहे. या माळावर लोक कशासाठी भांडतात हे मला आजवर कळलेलं नाही.

नव्वद दिवसांची मोहीम आहे. जुने दिवाणी दावे हुडकून मध्यस्थीला पाठवायचे आणि सप्टेंबरअखेर मिटतील तेवढे मिटवायचे. माझ्या वाट्याला बासष्ट दाव्यांची यादी आली. कोर्टाच्या मागच्या अंगाला एक खोली दिली आहे. गोल टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जार आणि दाराशी मल्हार नावाचा शिपाई. टेबल मुद्दाम गोल, म्हणजे कुणी वरच्या मानाचा आणि कुणी खालच्या असं वाटू नये.

जज्ज मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, सर, आकड्याची घाई नको, पक्षकारांना पटलं पाहिजे. मी हो म्हणालो. नवीन आहेत, शिकतील.

पहिल्याच दिवशी तीन मिटवले. एक गोठ्याची भिंत, एक पाणंद, एक सामाईक चिंच. चिंचेचा दावा एकोणीस वर्षं चालला होता आणि चिंच वठून सहा वर्षं झाली होती. युक्ती सोपी आहे. माणसांना जेवणवेळेच्या पुढेपर्यंत बसवून ठेवायचं. भूक लागली की तत्त्वं सैल होतात. हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

१४ जुलै, सोमवार

आजचा एक दावा नीट लिहून ठेवतो, कारण हा सोपा दिसत नाही.

वादी हरणाबाई, साठी उलटलेली, धनगर, विधवा. सोबत मुलगा सिद्धू, तोही वादी. प्रतिवादी तिचा दीर नाथाजी. तीस-एकतीस वर्षांमागे हरणाबाईच्या नवऱ्यानं, धनाजीनं, आपली ऐंशी मेंढरं नाथाजीला दिली आणि बदल्यात नाथाजीच्या वाटणीचा अडीच एकर माळ घेतला. तोंडी. कागद नाही, स्टॅम्प नाही, तलाठ्याकडे नोंद नाही. भावाभावात कागद केला तर लोक नावं ठेवतात म्हणे. साक्षीला होता एक पुजारी, तो वारला. धनाजीनं त्या माळावर विहीर पाडली, छप्पर घातलं आणि तोही वारला. मग कॅनॉलचं पाणी शिवारात आलं, विहिरीला बारमाही पाणी लागलं आणि नाथाजीला आठवलं की सातबाऱ्यावर अजून आपलंच नाव आहे. अकरा वर्षं दावा चालू आहे. बाईचं म्हणणं एकच, विहीर आणि माळ आमचा आहे असं कोर्टानं सांगावं.

कायद्यानं तिची बाजू लंगडी आहे, पण ताबा तीस वर्षांचा. साक्षीपुरावे संपलेत, फक्त युक्तिवाद राहिलाय. माझ्या अंदाजानं निकाल लागला असता तर तिच्याच बाजूनं. पण यादीत आहे, म्हणजे मिटवायला हवा.

नाथाजी पांढरा फेटा बांधून आला होता. मला वाकून नमस्कार केला, मेंढीचं तूप आणू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. हरणाबाई खुर्चीवर बसेचना. मल्हारनं दोनदा सांगितल्यावर टेकली, तीही कडेवर. सारखी सिद्धूकडे बघत होती. तिचा वकील ऋषिराज, तरुण आहे, चुणचुणीत आहे, पण अकरा वर्षांचं ओझं दुसऱ्याकडून आलेलं, त्यामुळे कंटाळलेला.

विहीर अर्धी-अर्धी करा म्हणालो. दोघंही नाही म्हणाले. साडेतीनपर्यंत बसवलं. या लोकांना भुकेची सवय आहे, माझी युक्ती इथं चालत नाही.

२१ जुलै, सोमवार

आज दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटलो. एकेकाला एकटं गाठलं की माणूस खरं बोलतो, असा आमचा पाठ आहे.

नाथाजीला विचारलं, तुम्हाला काय हवंय? तो फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "सायेब, माजी वयनी खोटं बोलत आसंल असं मी म्हणत न्हाई. तिनं बिरोबाम्होरं बेलभंडारा उचलावा आन् सांगावं की अदलाबदल झालीवती. मी त्या दिवशी हिरीवरनं हात काडतो. न्हाई उचलला, तर तिनं दावा सोडावा. देवाम्होरं कोर्ट कशाला?"

मी उडालोच. एकतीस वर्षांत इतका सरळ प्रस्ताव कुठल्या प्रतिवादीनं दिलेला पाहिला नाही. हातात बेल आणि भंडारा घेऊन शपथ, म्हणजे या लोकांत सुप्रीम कोर्टाच्याही वरचं. रीत म्हणून विचारलं, तुम्ही उचलाल का, की अशी अदलाबदल झालीच नव्हती?

"दावा तिनं लावलाय, सायेब. मी कशापायी उचलू?"

मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला पुराव्याचा कायदा बरोबर कळतो. जो दावा आणतो त्यानंच सिद्ध करायचं.

ऋषिराजला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, सर, आजी जन्मात खोटं बोललेली नाही, ती उचलेल आणि आम्ही जिंकू, लिहा. सिद्धूही हो म्हणाला. हरणाबाईची तब्येत बरी नसल्यानं ती आली नव्हती.

२२ जुलै, मंगळवार

कायदे चाळले. इंग्रजांच्या काळच्या शपथेच्या कायद्यात अशी सोयच होती. एकानं म्हणायचं, समोरच्यानं अमुक शपथ घेतली तर मला मान्य, आणि मग ते पक्कं धरायचं. पुढं नव्या कायद्यात ती कलमं गाळली. पण दोन माणसांनी राजीखुशीनं लिहून दिलं तर त्यांना अडवणार कोण? जुनी रीत आणि नवी सुधारणा एका कागदावर. यावर मला भाषणसुद्धा करता येईल.

२८ जुलै, सोमवार

मिटला. म्हणजे मिटल्यातच जमा. पण आज घाम निघाला.

तडजोडपत्र मी स्वतः लिहून आणलं होतं. येत्या रविवारी दुधाळवस्तीच्या बिरोबासमोर वादी क्रमांक एकनं बेलभंडारा उचलून अदलाबदल झाल्याची शपथ घेतली तर प्रतिवादी हक्क सोडतील, न घेतली तर दोन्ही वादी दावा व हक्क सोडतील. नाथाजीनं सही केली, सिद्धूनं केली. हरणाबाईनं हात पदराखाली घेतला.

सगळ्यांना बाहेर घालवून एकटीशी बोललो. तिला म्हणालो, आजी, खरं आहे ना सगळं? व्हय म्हणाली. मग उचलायला काय हरकत आहे? तिनं दाराकडे एकदा पाहिलं. मग अगदी हळू बोलली.

"आमच्या धन्यानं एकडाव उचललावता. मेंढरं कुणाच्या पिकात शिरली त्याच्यापायी. खरंच बोललं त्ये. म्हयन्याच्या आत माजा थोरला गेला, पान लागून. सायेब, खऱ्याला बी देव इचारतो, एवढ्या तेवढ्याला मला मधी का वडलंस म्हनून. मी आता भंडाऱ्याला फकस्त कपाळ लावती. उचलायची न्हाई."

पान लागून म्हणजे साप चावून. सापाचं नाव घ्यायचं नाही, सापाला राग येतो. आता अशा बाईपुढं कुठला कायदा वाचायचा? मी समजावलं की साप ही योगायोगाची गोष्ट आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला कोर्टाचा निकाल द्या की. अकरा वर्सं बसलीया, आनखी थोडं बसन."

दोन वाजत आले होते, बाहेर अजून चार दाव्यांची माणसं तिष्ठत होती आणि हा मिटला तर माझा एकविसावा होता. मला राग आला. ज्या गोष्टीवर दोन सह्या झाल्या ती एका अंगठ्यासाठी अडून राहावी म्हणजे काय? पण आवाज चढवला नाही. म्हणालो, "आजी, अंगठा दिला म्हणजे उचललंच पाहिजे असं नाही. तुमच्यावर सक्ती कुणाचीच नाही. उचलायचं की नाही, ते तुम्ही रविवारी ठरवा."

यातला एकही शब्द खोटा नाही. सक्ती नाहीच. न उचलल्यावर काय होईल ते कागदात स्वच्छ लिहिलं आहे आणि तो कागद मी तिला वाचून दाखवला होता. थोडा भरभर वाचला असेन. तिनं दोन-तीनदा विचारलं, न्हाई उचललं तरी चालंल न्हवं? मी म्हणालो, तुमची मर्जी. मग तिचा चेहरा एकदम सैलावला, तिनं शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि मला म्हणाली, तुमी देवमानूस हाय.

चार वाजता मॅडमपुढं कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, भुवया वर गेल्या. हरणाबाईला विचारलं, आजी, समजलंय का तुम्हाला सगळं? ती म्हणाली, सायबांनी सांगितलंय. काय सांगितलंय, म्हणून मॅडम पुढं विचारणार, तेवढ्यात मी उठून सांगितलं की मजकूर वाचून, समजावून अंगठा घेतला आहे, खाली तसा शेरा आहे. टेबलावर फायलींचा ढीग होता. मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग सही केली.

३ ऑगस्ट, रविवार

मध्यस्थानं देवळात जायचं नसतं, पण अहवाल कुणीतरी द्यायला हवा. सकाळी आठला दुधाळवस्तीवर पोचलो. ऋषिराज आला नाही, सांगलीत काहीतरी निघालं म्हणे. देऊळ म्हणजे चार दगडी खांब, वर पत्रा, समोर मेंढरांच्या लोकरीची घोंगडी अंथरलेली. तीस-चाळीस माणसं जमली होती. ताटात बेल आणि भंडारा. नवा पुजारी निम्मं कानडीत बोलत होता, मला निम्मंच कळलं.

नाथाजी आत आलाच नाही. उंबऱ्याच्या बाहेर हात पाठीमागं बांधून उभा. म्हणाला, सुतक हाय मला, ताटाला शिवता येत न्हाई. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याला सुतक असेल तर भावकी म्हणून हरणाबाईलाही हवं, मग तिला तरी ताटाला हात कसा लावू देत होते? पण तोवर सगळं उरकलं होतं. आणि ते बघणं हे काही माझं काम नव्हे.

हरणाबाई हिरवं लुगडं नेसून आली होती. सिद्धू, त्याची बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी सृष्टी. हरणाबाईनं ताटापुढं डोकं टेकलं, कपाळाला भंडारा लावला, नातीच्या कपाळाला लावला आणि बाजूला होऊन उभी राहिली. जसं काही तिचं काम झालं.

सिद्धू म्हणाला, आये, उचल की. ती हसली फक्त. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून नाथाजी बोलला, "वयनी, उचला. पर आमच्यात नुसता उचलत न्हाईत. वंशाच्या डोक्यावर हात ठिऊन उचलत्यात. सायबास्नी ठावं नसंल."

हे कागदात नव्हतं. मी हरकत घ्यायला हवी होती की नको? माणसं माना डोलवायला लागली, पुजारीही हो म्हणाला आणि मला बाराच्या आत सांगलीला पोचायचं होतं, सौ.च्या भाच्याचा साखरपुडा. मी म्हटलं, तुमची रीत तुम्ही ठरवा.

सिद्धूनं सृष्टीला उचलून आईसमोर उभं केलं. ताट पुढं केलं. हरणाबाईनं पोरीला दोन्ही हातांनी ओढून पोटाशी धरलं. इतकं घट्ट, की पोरगी रडायला लागली. सिद्धू ओरडला, खरं हाय तर भितीस कशाला? विहीर जाईल, घर जाईल, उचल. शेवटी तिच्या पाया पडला. सगळ्या वस्तीसमोर तीस-पस्तीस वर्षांचा बाप्या आईच्या पायावर डोकं आपटत होता. मला बघवेना, मी घड्याळ बघत राहिलो.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "सायेब, तुमीच म्हणलावता न्हवं, उचललंच पायजे असं न्हाई म्हनून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

"बगा," ती सिद्धूला म्हणाली. "मोटं सायेबच म्हनत्यात." आणि पोरीला कडेवर घेऊन शांतपणे घराकडे निघाली.

मी अहवालात लिहिलं, वादी क्रमांक एकनं शपथ घेण्यास नकार दिला. नाथाजीनं गाडीपर्यंत येऊन दार उघडून दिलं. त्याचे हात आता पुढे होते.

४ ऑगस्ट, सोमवार

अहवाल दाखल. तडजोडीनुसार हुकूमनामा झाला. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, हेच या मार्गाचं सौंदर्य. हरणाबाईच्या हजेरीची गरज नव्हती, सिद्धू आला होता. बाकावर बसून राहिला, नाव पुकारलं तेव्हाही उठला नाही. ऋषिराजनं त्याला काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. आजकालची पोरं हरली की मोठ्यांना नमस्कार करत नाहीत.

रात्री झोप नीट लागली नाही. ताकात मीठ जास्त होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

थोरल्या भावाचा फोन. आपला बांधाचा दावा बावीस वर्षं चाललाय, तू आता एवढा मध्यस्थ झालास, आपलाही मध्यस्थीला देऊ या का? मी सांगितलं, आपला दावा वेगळा आहे, त्यात कायद्याचा मुद्दा आहे. वरच्या कोर्टात निकालच लागू दे. तो हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

मोहीम संपली. माझे एकोणसाठ, जिल्ह्यात कुणाचे एवढे नाहीत. सत्कार झाला. शाल, नारळ, चाफ्याचं रोप. भाषणात मी नाव न घेता बेलभंडाऱ्याची गोष्ट सांगितली. कायदा जिथं थकतो तिथं लोकांची श्रद्धा कामी येते, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. एका वरिष्ठांनी जेवताना विचारलं, मग त्या बाईनं उचलला का भंडारा? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, म्हणजे खोटी होती. मी वाटीतली बासुंदी संपवली.

परवा तालुक्याला मॅडम भेटल्या तेव्हा मात्र अभिनंदन केलं नाही. एवढंच म्हणाल्या, सर, तो मेंढरांचा दावा मी पंधरा दिवसांत निकाली काढणार होते. कोणत्या बाजूनं ते मी विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुटी संपून परत केंद्रात. एरवी मी मागच्या दारानं थेट खोलीत जातो, आज पुढून आलो तर कोर्टाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून हरणाबाई बसलेली दिसली. मांडीवर भाकरीचं गाठोडं. मी वळून मागच्याच दारानं आत गेलो.

मल्हारला विचारलं. म्हणाला, ती सुटी सोडली तर ऑगस्टपासून दर सोमवारी येते. सकाळी पहिल्या गाडीनं. पुकारा होतो तो सगळा ऐकते, आपलं नाव आलं नाही की संध्याकाळी जाते. कुणाची बाई, कशासाठी आलीस विचारलं तर म्हणते, निकालाला. मी विचारलं, तिला कुणी सांगितलं नाही का? मल्हार म्हणाला, "सांगितलं की साहेब, मी सांगितलं, कारकुनानं सांगितलं. ती म्हणते, तुमाला काय म्हाईत, मोठ्या सायबांशी माजं बोलनं झालंय."

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिद्धूनं गाडीजवळ गाठलं. दाढी वाढलेली. मारतो की काय असं वाटलं, पण तो हात जोडूनच उभा राहिला. म्हणाला, नाथाजीनं विहिरीला बाभळीचे काटे लावले, छपराला महिन्याची मुदत दिली. आपण मिरजेला हमालीला लागलोय, बायको आणि सृष्टीला घेऊन. आई येत नाही. निकाल लागायचाय, जागा सोडली तर कोर्ट काय म्हणेल, म्हणते. टँकरच्या दोन घागरींवर एकटी राहते.

"मी सांगतोय, आये, संपलं, तू उचलला न्हाईस तवाच संपलं. तर मला म्हनती, तू नाथाजीला फितूर झालास. माज्या हातचं पानी पीत न्हाई ती आता. सायेब, तुमी एकडाव सांगा. तुमचं ऐकंल. मला जमीन नको, मला माजी आय न्यायचीय."

पुढच्या सोमवारी सांगतो म्हणालो. लाज वाटली. खरंच वाटली, इथं लिहायला हरकत नाही. गाडी चालवताना वाक्य ठरवत आलो. आजी, निकाल ऑगस्टमध्येच लागला, तुमच्या विरुद्ध लागला, तुम्ही मुलाकडे जा. फार मोठं वाक्य नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अकराला मल्हारनं तिला आत आणलं. या वेळी खुर्चीवर नीट बसली, मागे टेकून. कपाळाला भंडारा. मला बरे आहात का विचारलं, बाईसाहेब बऱ्या आहेत का विचारलं. वाळली आहे, पण तोंडावर काळजी अशी नव्हती. मी सिद्धूचा विषय काढला.

"पोरगं खोटं बोलाय लागलंय, सायेब," ती म्हणाली. "लहानपनी येक शबूद खोटा नव्हता त्याच्या तोंडी. हिरीला काटं लावल्यात, मी कायबी बोलली न्हाई, निकाल लागंपतूर गप बसायचं. पर सिद्धू म्हनतो, तूच घालीवलंस. मी म्हनलं, मोटं सायेब वस्तीम्होरं मान हलवून गेल्यात, तुज्यापरीस त्येंचं खरं. तुमी त्येला येकदा सांगा, म्हंजी येईल माघारी. पोरीला बगून तीन म्हयनं झालं." मग जरा पुढे झुकून, "कवा लागंल निकाल?"

वाक्य तयार होतं. मी घसा साफ केला, पाणी प्यालो. ती ओरडली नसती, रडलीही नसती बहुतेक. माझ्याकडे बघत राहिली असती आणि तिला तो दिवस, ती शाईची डबी, माझा प्रत्येक शब्द आठवला असता. मग ती बाहेर व्हरांड्यात कुणालातरी विचारणार, सायेब असं का म्हणाले होते? आणि नव्या यादीत चाळीस दावे आहेत, माणसांचा या खोलीवर विश्वास हवा.

मी टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्याची पट्टी फाडली आणि त्यावर लिहिलं, १५ डिसेंबर.

"काय लिवलं?"

"पंधरा डिसेंबर. तारीख आहे."

तिनं पट्टी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, घडी करून कनवटीला खोचली. दारात थांबून म्हणाली, "ह्ये सिद्धूला दावती. आता तरी इस्वास बसंल त्येचा."

ती गेल्यावर मल्हारला सांगितलं, पंधराला आली की पुढची तूच लिहून दे, माझ्यापर्यंत आणू नकोस.  पुढचे पक्षकार आत घेतले, दोघं चुलतभाऊ, पाइपलाइनचं भांडण. साडेबाराला त्यांचं मिटलं.